राबाच्या ढिगातला शिंजीर

शिंजीर फोटोला बसत नाही, हे मी गिऱ्हाइकाला गाडीत बसण्याआधीच सांगून टाकते. अंगठ्याएवढा जीव. फुलाशी येतो, बाकदार चोच आत खुपसतो, रस ओढतो आणि आपण कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत तिसऱ्या झाडावर पोचलेला असतो. तरीही माणसं मागच्या सीटवरून विचारतातच, "मॅडम, नक्की मिळेल ना?" नक्की मिळायला ती काय मिसळ आहे?

मी पक्षी दाखवते. नाशिकहून पहाटे माणसं गाडीत घालायची, त्र्यंबकच्या, हरसूलच्या बाजूला न्यायची, झाडाखाली गप्प बसवायची आणि दुपारी परत आणून सोडायची, हा माझा धंदा. लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना नातेवाईक जरा अडखळतात. "ही आमची... फोटोग्राफी करते," असं म्हणून विषय बदलतात. गिऱ्हाइकांपैकी काहीजण पहिल्या भेटीत माझ्या मागे बघत राहतात, गाईड कधी येतोय म्हणून. मी त्यांना बघू देते. थोड्या वेळाने त्यांनाच कळतं.

आधी निम्मं आयुष्य सातपूरला आमचा स्टुडिओ होता. शिफ्ट सुटली की कामगारांची रांग लागायची, गेटपासचे फोटो, बँकेचे फोटो, स्थळासाठी पाठवायचे फोटो. हनुवटी खाली, खांदे सरळ, डोळे मिटू नका. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि आमचं शटर खाली आलं. पक्ष्यांकडे वळले ती अशी. त्यांना हलू नका म्हणून सांगता येत नाही, एवढी एक अडचण. बाकी पक्षी बरे. फोटो पाहून "मी एवढा काळा आहे का हो?" असं विचारत नाहीत.

विचारलं असतं तर शिंजिराला तो हक्क होता. नराचा रंग उजेडावर चालतो. ऊन तुमच्या पाठीमागून त्याच्या अंगावर पडलं तर डोक्यावर हिरवी चमक, गळा जांभळा, पाठ लालसर किरमिजी आणि पोट हळदीसारखं पिवळं. तेच ऊन त्याच्या मागून आलं की सगळं जमून एक काळपट ठिपका. म्हणून मी आधी सूर्य कुठे आहे ते बघते, मग फूल बघते आणि पक्षी सगळ्यात शेवटी. धायटी फुललेली असो, पळस असो की आंब्यावरचं बांडगूळ, तो ठरलेल्या फुलांवर ठरलेल्या वाटेने फिरतो. आपण फुलावर नजर ठेवून बसायचं. नवशिके पक्ष्यामागे पळतात आणि दिवसभरात नुसत्या हलत्या फांद्या घरी नेतात.

मासले तर नाना तऱ्हेचे भेटले. एका जोडप्याला लग्नाआधीच्या फोटोंत मुलीच्या वेणीतल्या फुलातून शिंजीर रस पितोय असं हवं होतं. मी त्यांना फुलपाखरांच्या बागेत जायला सांगितलं. सातपूरच्या एका कारखान्यातल्या जुन्या ओळखीच्या फिटरने फोन करून विचारलं, रोज सकाळी एक काळी चिमणी त्याच्या मोटरसायकलच्या आरशावर धडका मारते, हा काही करणीचा प्रकार असेल का. जाऊन पाहिलं तर जांभळा शिंजीर, या शिंजिराचा चुलतभाऊ. विणीच्या दिवसांत त्याला आरशात दुसरा नर दिसत होता आणि तो काही केल्या हद्द सोडत नव्हता. मी आरशावर जुना मोजा चढवायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांच्या आरशांवर मोजे होते. तिथे मला अजूनही मोजेवाल्या मॅडम म्हणतात.

पण या सगळ्यांवर कडी केली ती दातारांनी. नाव बदललं आहे, पण वाचताना ते ओळखतीलच. दातार मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, गंगापूर रोडला राहणारे, अत्यंत सज्जन आणि अत्यंत टापटिपीचे गृहस्थ. त्यांच्या फोटोत पक्ष्याशिवाय काहीही दिसलेलं त्यांना चालत नाही. मागे तार नको, वाळकं पान नको, पलीकडच्या घराचा निळा पत्रा तर नकोच. याला ते "फ्रेम साफ ठेवणं" म्हणतात. एकदा समोर खंड्या बसलेला असताना ते बाजूचं गवत उपटायला उठले आणि खंड्या अर्थातच गेला. शिंजिराचे त्यांच्याकडे ढिगाने फोटो होते. पिल्लांना भरवणारी जोडी मात्र नव्हती, आणि त्या एका फोटोसाठी ते दोन उन्हाळे माझ्या मागे लागले होते. मी घरटी दाखवत नाही. माणसं जिथे टक लावून बघतात तिथे कावळेही बघतात.

मग हिराबाईचा निरोप आला. हिराबाई आणि तिचा नवरा सोमा हरसूलच्या पुढे एका पाड्यावर राहतात. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवतात, हिवाळ्यात द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे जातात. त्यांच्या शेतालगतच्या ओढ्यावर मी माणसं घेऊन जाते, तेव्हा चहा त्यांच्याच घरी होतो. द्राक्षांचं काम संपवून ती दोघं परतली, तर बांधालगतच्या करवंदीच्या जाळीला टेकून रचलेल्या राबाच्या ढिगात शिंजिराने घरटं केलेलं.

राब म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भाताचं, नागलीचं रोप जिथे टाकायचं तो तुकडा आधी भाजून काढतात. हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून ढीग रचून ठेवायचा. त्या वाळल्या की उन्हाळ्यात शेण, फांद्या, पालापाचोळा असं जमिनीवर अंथरून वरून माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, राख खाली उतरते, रोप जोमात येतं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. आग रानात शिरू नये म्हणून अख्खा पाडा ओल्या डहाळ्या घेऊन आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या शेतावर उभा राहतो. वारा पडलेला लागतो. एकदा ढग येऊन राब भिजला की तो धड जळत नाही, नुसता धुमसतो.

घरटं ढिगाच्या जाळीकडच्या कोपऱ्यात, बाहेर आलेल्या एका वाळक्या डहाळीला लोंबत होतं. कोळ्याच्या जाळ्याने विणलेली, सालीचे तुकडे चिकटवलेली छोटी थैली, तोंडावर वळचणीसारखी पुढे आलेली कड. वाळक्या पाल्यात कचरा लटकलाय असंच वाटावं. आत दोन पिल्लं. हिराबाईने आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून घरट्याच्या मागच्या फांदीला बांधली होती. तिकडे अशी खूण बांधली की त्या वस्तूला कुणी हात लावत नाही, मग ते मोहाचं झाड असो की मधाचं पोळं. राबाच्या दिवशी ढीग उचलायला पाड्यातलं कुणीही येणार, त्या सगळ्यांना कळावं म्हणून ही चिंधी. "पिल्लं जाईपर्यंत तेवढा कोपरा ठेवायचा," ती म्हणाली. "बाकीचा राब भाजू."

येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची त्या जोडीला सवय होती, ओढ्याच्या पलीकडच्या काठावरून मोठ्या लेन्सने काम भागण्यासारखं होतं, आणि दातारांचा धोशा काही संपत नव्हता. मी त्यांना घेऊन गेले. त्या दिवशी राबाची पाळी नेमकी हिराबाईच्या शेताची होती. आकाशात ढग जमायला लागले होते, म्हणून आता थांबण्यात अर्थ नव्हता. सकाळी वारा होता. तो दुपारनंतर पडला की पेटवायचं ठरलं. हिराबाई हरसूलच्या बाजाराला गेली होती. घरी सोमा होता आणि तो शेजाऱ्यांची वाट बघत होता.

दातारांनी मन लावून काम केलं. मादी किडे आणत होती, नर आणत होता, पिल्लं थैलीच्या तोंडाशी येऊन आ वासत होती. मध्ये मी सोमाच्या घरी पाण्याच्या बाटल्या भरायला गेले. परत आले तर दातार जागेवरच होते, चेहऱ्यावर समाधान. दुपारी आम्ही निघालो. हरसूल मागे टाकलं, घाट चढून वरच्या टपरीवर चहाला थांबलो. दातारांनी कॅमेऱ्याचा पडदा माझ्यापुढे धरला. फोटो सुंदर होता. नर घरट्याच्या कडेला लटकलेला, पाठीवर नेमकं ऊन, मागे मऊ तपकिरी, एकसारखा पडदा. मी बघत राहिले आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की मागे लाल काही नाही.

मी विचारलं, चिंधी कुठे गेली? दातारांना वाटलं मी कौतुक करतेय. त्याची लालसर पाठ मागच्या लाल रंगात मिसळून जात होती, म्हणून मी पाणी आणायला गेले तेव्हा ओढा ओलांडून त्यांनी ती अलगद सोडून घेतली होती. पक्षी मुळीच बिचकले नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. मग कॅमेऱ्याच्या बॅगेच्या कप्प्यातून नीट घडी घातलेली चिंधी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. पुढच्या खेपेला परत बांधू म्हणाले.

ती खूण कशासाठी होती ते मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं. पण कॅमेऱ्यातून बघायला लागलं की माणसाला चौकटीबाहेरचं काही आठवत नाही, हा आमच्या धंद्यातला रोगच आहे. मी फक्त एवढंच म्हणाले, "दातार, वारा पडलाय." टपरीवरचा पालासुद्धा हलत नव्हता. त्यांनी वर झाडाकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

फोन करायची सोय नव्हती. पाड्यावर रेंज नाही. गाडी फिरवली. घाट उतरेपर्यंत ठीक होतं, पण हरसूलला बाजार ऐन भरात. रस्त्यात जीपा उभ्या, टोपल्या मांडलेल्या, कोंबड्या उलट्या धरून माणसं गप्पा मारतायत. मी हॉर्न वाजवून वाजवून हैराण झाले आणि लोक माझ्याकडे बघून हसत होते. तेवढ्यात खिडकीशी हिराबाईच आली, डोक्यावर पिशवी. आम्ही परत कशाला आलो म्हणून तिला नवल वाटलं होतं. मी चिंधी दाखवली. दातारांनी काढल्याचं सांगितलं.

हिराबाई सगळ्यांना अरे-तुरे करते, तिकडची रीतच आहे. ती दातारांवर ओरडेल असं मला वाटलं होतं. पण ती मागचं दार उघडून बसली आणि मला म्हणाली, "म्हणजे सोमा समजला असंल, तू खूण सोडलीस. पिल्लं उडाली." मग खिडकीतून डोकं बाहेर काढून तिने तिच्या बोलीत असा काही आवाज टाकला की समोरची जीप मागे सरली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, चिंधी दिसली नाही तरी सोमाला आठवेल, भीती आहे ती ढीग उचलायला येणाऱ्या बाकीच्यांची. पण खूण सोडणं म्हणजे राखण संपली असा निरोपच. ज्याने बांधली तो किंवा त्याच्या विश्वासातलं माणूसच ती सोडतं. सोमाने ढिगाकडे पाहिलं असेल, खूण नाही असं बघितलं असेल आणि मी काम संपवून सोडली असं समजून शांतपणे ढीग उचलला असेल. आणि ते बरोबरच होतं. हरसूल ते पाडा या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले आहे, पण एवढी भीती त्या वळणांवर मला कधी वाटली नव्हती. शेवटच्या वळणावरून पाड्यावर चढणारा धूर दिसला. हिराबाई म्हणाली, "पेटला."

शेतावर पोचलो तर ढीग जागेवर नव्हता. सगळ्या फांद्या तुकड्यावर पसरलेल्या, एका टोकाने आग धरलेली, कडेने डहाळ्या घेऊन माणसं उभी. ढीग होता तिथे मोकळी जमीन आणि तिच्यावर मादी भिरभिरत होती. खाली यायची, काहीच न सापडून वर जायची, पुन्हा खाली. धुरातून तिचा बारीक, चिरका आवाज येत होता. दातार बांधावर मटकन बसले. मी इतकी वर्षं पक्षी बघतेय, पण त्या मादीकडे मला बघवेना.

हिराबाई तडक सोमाकडे गेली. तो तिला काही सांगत होता आणि डहाळीने करवंदीच्या जाळीकडे दाखवत होता. आम्ही धावलो. जाळीच्या काट्यांत ती वाळकी फांदी अडकवलेली होती आणि फांदीला थैली लोंबत होती. "खूण नव्हती, म्हणून म्या ढीग उचलाया घेतला," सोमा म्हणाला. "तर ही डोक्यावर येऊन लय ओरडाया लागली. म्हनलं, पिल्लं उडाली असती तर ही कशाला ओरडती?"

पण अजून आमची सुटका झाली नव्हती. पडलेला वारा पुन्हा थोडा उठला होता आणि आगीची धग जाळीच्या बाजूला येत होती. घरटं म्हणजे काय, कोळ्याचं जाळं आणि वाळकी साल. एक ठिणगी पुरे. शिवाय मादीला नवी जागा सापडलेली नव्हती आणि माणसांच्या गर्दीत ती सापडणारही नव्हती. मी सगळ्यांना लांब व्हा म्हणायला लागले. सोमाने मात्र वेगळंच केलं. त्याने चार माणसांना हाक मारली आणि आपल्याच राबाचा जाळीकडचा पेटता कोपरा डहाळ्यांनी झोडपून विझवायला घेतला. वर्षाचं रोप जिथे टाकायचं तो तुकडा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

दातार उठले. कॅमेऱ्याची बॅग ढेकळांत टाकली, तिच्यातून त्यांची ती हिरव्या-तपकिरी चट्ट्यापट्ट्यांची चादर काढली, जिच्याआड लपून ते फोटो काढतात, माझ्या पाण्याच्या बाटल्या तिच्यावर ओतल्या आणि आग नि जाळी यांच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून ती पसरून उभे राहिले. आगीकडे तोंड, घरट्याकडे पाठ. धूर सरळ त्यांच्या नाकातोंडात जात होता. हिराबाईने त्यांना बाजूला ओढायचा प्रयत्न केला, पण ते हलेनात. शेवटी तिनेच लुगड्याचा पदर नाकाला लावला आणि माणसांना घेऊन ती बांधाच्या पलीकडे जाऊन बसली. मीही गेले.

कोपरा विझला. धूर जरा विरळ झाला. मादी अजून मोकळ्या जमिनीवरच घिरट्या घालत होती, चोचीत किडा धरून. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग जाळीतून पिल्लू ओरडलं. अगदी बारीक, भुकेचा आवाज. मादी हवेतच वळली. करवंदीच्या शेंड्यावर बसली, इकडे तिकडे पाहिलं, दातारांच्या खांद्याला जवळजवळ घासून खाली उतरली आणि थैलीच्या तोंडाशी लटकली. आतून दोन चोची बाहेर आल्या. थोड्या वेळाने नरही आला आणि त्याच्या पाठीवर असं ऊन होतं की तसं मी पुन्हा पाहिलेलं नाही.

माझा जीव भांड्यात पडला. मी बांधावर बसूनच राहिले. हिराबाई तोंडाला पदर लावून हसत होती. फक्त दातारांना काही कळलेलं नव्हतं, कारण त्यांची पाठ होती. मी हळू आवाजात सांगितलं, "दातार, आली. दोघंही आलीत." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पक्षी बिचकेल म्हणून असावं. फक्त "भरवतायत?" एवढं विचारलं. हो म्हटलं. त्यांचे हात अजून वरच होते. शेवटी सोमा पाठीमागून वाकून गेला आणि त्यांच्या मुठींतून चादर सोडवून घेतली.

परतीच्या वाटेवर दातारांनी एकदाच विचारलं की पिल्लं जगतील का. मी खोटं बोलत नाही, म्हणून सांगितलं की माहीत नाही. हलवलेलं घरटं पक्षी कधीकधी सोडतात.

आठवड्याभराने मी एकटीच गेले. थैली रिकामी होती. रिकामं घरटं पाहून आमच्यासारख्यांच्या मनात आधी वाईटच येतं. पिल्लं सापाने किंवा भारद्वाजाने नेली असतील तर थैली फाटलेली, उसवलेली असते. ही नुसती तोंडाशी ताणून सैल झाली होती, बाकी शाबूत. तरी मला खात्री हवी होती. हिराबाई नागलीचं बी निवडत बसली होती. ती म्हणाली, "उडाली ना. एक तर माझ्या दोरीवर बसलं होतं, वाळत घातलेल्या कापडावर. उडायचं कसं तेच इसरलं होतं. आई येऊन ओरडली तवा गेलं."

मी राबाकडे पाहिलं. सगळा तुकडा राखेने करडा झालेला आणि जाळीकडचा कोपरा कच्चा, अर्धवट जळक्या काड्यांचा. मला फार वाईट वाटलं. तिथे यंदा रोपापेक्षा गवतच जास्त येणार होतं आणि ते उपटत हिराबाईलाच बसावं लागणार होतं. मी काहीतरी बोलायला लागले तर तिने मला गप्प केलं. "तेवढं उपटू," ती म्हणाली. "तू त्या बाबाला सांगितलंस का? नाय? जा, टेकडीवर फोन लागतो. आधी सांग. म्हातारं लय भ्यालं होतं."

मी टेकडी चढले. धाप लागलेली असतानाच फोन लावला. दातारांनी पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणाले, "उडाली. दोन्ही उडाली." मग ते फोन बाजूला धरून घरात सांगत असल्याचं ऐकू आलं, "अगं, उडाली गं. दोन्ही."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "देव पावला. मग आता तरी ती चादर धुवायला टाकू का? आठवडाभर सगळ्या घरात धुराचा वास भरलाय, हातसुद्धा लावू देत नाही तुम्ही."

"टाक," दातार म्हणाले.